सहा तास हिरवा

ज्या कंपनीत आम्ही तिघं काम करायचो, तिनं एका सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा सगळा गटच बंद केला. वीस मिनिटांचा कॉल. त्यातली बरीचशी आमचे आभार मानण्यात गेली. कॉल संपल्यावर मी खाली गेले आणि मावशीच्या शेजारी बसून मटकी निवडायला लागले. मावशीनं विचारलं, "आज लवकर सुटलीस?" मी "हो" म्हणाले. त्या दिवशी ती सगळी मटकी मीच निवडली.

मावशीचं घर भोरला, एसटी स्टँडच्या मागच्या आळीत. आमचं घर वेल्ह्याच्या बाजूला, मार्गासनीच्या पुढं रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला चढलं की लागणाऱ्या वाडीत. वाडीत रेंज आली तर येते, नाहीतर दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून मी आठवड्याचे चार-पाच दिवस मावशीच्या वरच्या खोलीत बसून काम करायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी वाडीवर जायचे. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसते, एवढी माझी ओळख आळीत पुरेशी होती.

बाकी दोघांना मी तोवर फक्त खांद्यापर्यंत पाहिलं होतं. एक अमरावतीचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. नकाशे आणि पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं तो करायचा. दुसरी सावंतवाडीची, माझ्याच वयाची, दोन मुलींची आई. लोकांशी बोलणं, त्यांच्या तक्रारी ऐकून घेणं तिला जमायचं. मी मागचं काम करायचे. कुठली नोंद कुठं ठेवायची, कधी पुसायची, कुणाला काय दाखवायचं आणि काय नाही.

नोकरी गेल्यावर आठवड्याभरात सावंतवाडीचा फोन आला. तिच्या घरी पंखा दुरुस्त करायला येणारा माणूस पाऊण तास तिच्याच वाडीत फिरत राहिला होता. "त्याला मी सांगत होते फणसाकडून वळा, आणि तो प्रत्येक फणसाकडून वळत होता," ती म्हणाली. "आपण काहीतरी करूया यावर. नाहीतरी बसूनच आहोत."

त्यातून आमचं काम सुरू झालं. एक लिंक पाठवायची. समोरच्यानं ती उघडली की नकाशावर तुमचा ठिपका दिसतो. वेगळं अॅप घ्यायचं नाही, खातं काढायचं नाही, पासवर्ड नाही. काम झालं की लिंक आपोआप मरते. आम्हाला वाटलं, खेड्यापाड्यांतल्या माणसांना एवढंच हवं असतं. आमच्या बाजूला तर पत्ता विचारला की माणूस झाडच सांगतो.

रोज सकाळी साडेनवाला आम्ही कॉलवर भेटायचो. सावंतवाडीच्या मागं कुकरच्या शिट्ट्या, अमरावतीच्या मागं कूलर, माझ्यामागं स्टँडवरची घोषणा. वर्षभर असं चाललं. त्या वर्षातलं फार काही आठवत नाही. काम करायचे, जेवायचे, झोपायचे. वाईट दिवस नव्हते.

सगळ्यात मोठी अडचण अशी की वेबचं पान फोनमध्ये झोपतं. माणसानं लिंक चालू करून फोन खिशात टाकला, पडदा बंद झाला की थोड्या वेळानं पानही बंद पडतं आणि ठिपका पाठवणं थांबवतं. त्यात रेंज गेली तर बोलायलाच नको. मग आम्ही शेवटची मिळालेली जागा दाखवायचो आणि खाली लिहायचो, 'बारा मिनिटांपूर्वी', 'चाळीस मिनिटांपूर्वी'.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे किकवीचा एक मांडववाला. मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या ओळखीचा. त्याचे तीन टेम्पो मांडव, खुर्च्या, भांडी घेऊन भोर-वेल्ह्यातल्या गावोगावी जायचे आणि लग्नघरचे लोक त्याला दर दहा मिनिटांनी फोन करायचे. आमच्या लिंकमुळं फोन कमी झाले. पण महिन्याभरात तो स्वतःच भोरला आला, मावशीच्या ओट्यावर बसला आणि चहा पिता पिता म्हणाला,

"ताई, ते खाली ईस मिनटांपूर्वी, तीस मिनटांपूर्वी लिवून येतंय ना, ते काडा."

"का?"

"अवो, गिऱ्हाईक घाबरतंय. परवा आंबवड्याला लगीन व्हतं. नवरीचा चुलता मला म्हनतो, तुमचा टेंपो अर्धा तास एकाच जागी हुबा हाय, काय अॅक्सिडेंट झालाय का? आन् टेंपो तर पार गावात पोचलेला. रेंज न्हाई त्याला आमी काय करणार? ते जुनं-बिनं दावू नका. गाडी हाय म्हना, बास."

सावंतवाडीकडंही अशाच तक्रारी जमा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर तिनं त्या वाचून दाखवल्या. अमरावतीचा म्हणाला, वेळ काढून टाकू, त्याऐवजी ठिपका हिरवा ठेवू आणि हलकासा लहानमोठा होत राहील असं करू. जिवंत वाटेल. त्यानं तिथल्या तिथं करून दाखवलं. खरंच जिवंत वाटत होता.

"पण जुना किती वेळ हिरवा ठेवायचा?" त्यानं विचारलं. "कधीतरी करडा करायला लागेल ना."

ते माझं काम होतं. मी म्हणाले, "सहा तास."

सहाच का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. टेम्पोची लांबात लांब खेप तेवढ्यात आटपते, असा काहीतरी हिशेब डोक्यात असावा. मी एक ओळ लिहिली, तपासली, सर्व्हरवर चढवली. मग खाली जाऊन जेवले. तक्रारी थांबल्या. त्या आठवड्याच्या शेवटी सावंतवाडीनं आम्हा दोघांना पेढ्याचं चित्र पाठवलं.

आबा, म्हणजे माझे वडील, आमची लिंक सगळ्यात जास्त वापरायचे. सहासष्ट वर्षांचे. खाली दीड एकर भात आणि घरी सात गुरं. सकाळी गुरं घेऊन वर पठारावर जायचे. मी त्यांच्या फोनवर पानाचं चिन्ह बाहेरच ठेवून दिलं होतं. ते दाबायचे, फोन बंडीच्या आतल्या खिशात टाकायचे आणि निघायचे. वर निम्म्या वाटेवर एक झरा आहे. तिथं कशी कोण जाणे पण चांगली रेंज येते. आबा झऱ्यावर बसले की फोन काढायचे, पान जागं व्हायचं आणि माझ्याकडं त्यांचा ठिपका यायचा. कधी कधी तिथून फोनही करायचे.

"दिसतोय का गं मी?"

"दिसताय, आबा."

"कुठं हाय सांग."

"झऱ्यापाशी."

"बराब्बर," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे. वाडीत सांगायचे, पोरगी भोरात बसून माझ्यावर ध्यान ठेवती.

झऱ्याच्या वर, खिंडीपलीकडं रेंज नाही. म्हणजे आमचा ठिपका रेंज संपते तिथं थांबायचा आणि आबा पुढं चालत जायचे. हे मला माहीत होतं. टेम्पोंच्या बाबतीत तर मी ते कागदावर काढून दोघांना समजावलं होतं.

कार्तिकातली गोष्ट. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि झोडणी चालू होती. त्याच दिवसांत पुण्यातल्या एका संस्थेनं आम्हाला मुलाखतीला बोलावलं. नव्या धंद्यांना सहा महिने हाताशी धरणारी संस्था. मुलाखत ऑनलाइन, मंगळवारी दुपारी बाराला. चांगली रेंज हवी म्हणून झोडणी सोडून मी सोमवारीच भोरला आले.

मंगळवारी अकराच्या सुमारास आईचा फोन आला.

"आबा सांगून गेल्यात धापर्यंत येतो म्हनून. झोडायला मानसं येऊन बसल्यात. बघ की तुज्या त्या मोबाईलात कुठं हायती."

मी पान उघडलं. झऱ्यापाशी हिरवा ठिपका, लहानमोठा होत होता.

"झऱ्यापाशी आहेत."

"अजून झऱ्यापाशीच? बरं. फोन उचलत न्हाईत त्ये."

"खिशात असेल. येतील."

"दादाला धाडू का वर?"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो त्या दिवशी झोडायला आला होता. मी म्हणाले, "कशाला? आहेत की तिथंच. बसले असतील."

आईनं फोन ठेवला. मी केस विंचरले, कॅमेऱ्यात चांगला दिसेल असा कुडता घातला.

मुलाखतीत समोर चार जण होते. सावंतवाडीनं सुरुवात केली, अमरावतीनं नकाशा दाखवला. मग त्यातल्या एका बाई म्हणाल्या, "आत्ता या क्षणी चालू असलेलं काही दाखवता येईल का?" मांडववाल्याचे टेम्पो त्या दिवशी बंद होते. मी माझा पडदा त्यांना दाखवला.

"हे माझे वडील," मी म्हणाले. "वेल्हे तालुक्यात आमची वाडी आहे. ते रोज गुरं घेऊन डोंगरावर जातात. मी आत्ता भोरला बसले आहे, आणि ते आत्ता इथं, झऱ्यापाशी आहेत."

चौघंही पुढं झुकून बघत होते. बाई म्हणाल्या, "किती सुंदर." मी 'आत्ता' हा शब्द दोनदा वापरला हे मला नंतर आठवलं. मुलाखतीचं रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलं होतं, त्यात मी मोजलं. तीनदा होता.

सव्वाला आईचा परत फोन आला. गुरं एकटीच खाली आली होती. सात मोजून गोठ्यात बांधली, मागं कुणी नाही. आता तिचा आवाज वेगळा होता. दादा आणि झोडायला आलेले दोघं जण वर निघाले.

मी पान उघडूनच ठेवलं. झऱ्यापाशी हिरवा. दादा दोनच्या थोडं पुढं तिथं पोचला. तिथून त्यानं फोन केला.

"अगं, हितं न्हाईत आबा."

"आजूबाजूला बघ. तिथंच दाखवतंय."

"खाली करवंदीत बघितलं. वर बी गेलो. हाका मारल्या."

"झऱ्याच्या खालच्या अंगाला घसरले असतील. तिथं बघ ना दादा."

ते तिघं त्या घळीत उतरले. मी खोलीत बसून ठिपक्याकडं बघत होते. पंधरा मिनिटांनी त्याचा परत फोन. "अजून हितंच दावतंय का?" मी "हो" म्हणाले. परत एकदा. परत "हो". ते काट्यातून, गवतातून झऱ्याभोवती गोल फिरत राहिले. तिसऱ्या वेळी तो ओरडलाच.

"अगं बाई, हितं चिटपाखरू न्हाई! तुजं काय तरी चुकतंय."

तेव्हा मी मागच्या बाजूनं नोंदी उघडल्या. हे मला अकरा वाजताही करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. आबांच्या फोनची शेवटची नोंद सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटांची होती.

फोन माझ्या कानाला होता. पलीकडं दादाचा श्वास ऐकू येत होता. घड्याळात पावणेतीन वाजून गेले होते.

मी म्हणाले, "दादा, ते तिथं नाहीत. सकाळी नऊच्या आधी होते. पुढं गेलेत. खिंडीकडं जा."

"सकाळी?"

"हो."

फोन बंद झाला. मी पडद्याकडं बघत बसले. दोन बावन्नला ठिपका करडा झाला. नियमाप्रमाणं बरोबर सहा तासांनी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नियम नीट चालतोय.

हा विचार मी अजून कुणाला सांगितलेला नाही. इथंच पहिल्यांदा लिहितेय.

काकांनी गाडी काढली. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. मी मागं बसून रस्त्याकडंची शेतं बघत होते. काही ठिकाणी झोडणी चालू होती, काही ठिकाणी पेंढा रचत होते. काका मधेच म्हणाले, "काळजी करू नको, सापडतील." मी "हो" म्हणाले. मला काळजी वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. लांबच्या प्रवासात पाय मुंग्या येऊन जड होतात, तसं सगळं अंग झालं होतं.

आबा खिंडीच्या पलीकडं सापडले. वरच्या पाड्यातली एक धनगराची बाई शेळ्या वळवत होती, तिनं दादाला हाक मारली. कारवीच्या उतारावर ते एका कुशीवर पडले होते. डोळे उघडे होते. उजवा हात अंगाखाली अडकलेला आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या बाईनं आपल्या डोक्याचा पदर भिजवून त्यांच्या ओठांवर पाणी पिळलं आणि घोंगडं दिलं. त्या घोंगड्याची झोळी करून, वाशाला बांधून तिघांनी आळीपाळीनं त्यांना खाली आणलं. मी पोचले तेव्हा झोळी शेवटच्या बांधावरून उतरत होती.

आई झोळीच्या बाजूनं चालत होती आणि आबांच्या पायावरचं घोंगडं सारखं नीट करत होती. मला बघून ती म्हणाली, "आलीस? चप्पल काड त्येंची, पायात रुतलीय." मी चालता चालता चप्पल काढली.

आधी वेल्ह्याच्या दवाखान्यात, तिथून पुण्याला. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं गेलं. मी तिसऱ्या दिवशी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, "चार तास आधी आणलं असतं तर?"

"पहिले काही तास महत्त्वाचे असतात," ते म्हणाले. "पण ते नेमके केव्हा पडले हे आपल्याला माहीत नाही. त्यामुळं सांगता येणार नाही."

"अंदाज?"

"अंदाज करून काय करणार आहात?" त्यांनी सौम्यपणेच विचारलं. ते खाली गेले.

महिन्यानं आबांना वाडीवर आणलं. लोक बघायला यायचे, पायाशी बसायचे, आईशी बोलायचे. आणि जाताना मला म्हणायचे, "तुज्या मोबाईलमुळं सापडला गं तुजा बाप. न्हाईतर कुटं शोधला असता एवढ्या डोंगरात?" दादा तिथंच उभा असायचा. तो काही बोलायचा नाही. मीही बोलायचे नाही. गोष्ट मार्गासनीपर्यंत गेली. तिथला पिठाच्या गिरणीवाला मला म्हणाला, आमच्या म्हाताऱ्याला बी ते लावून द्या.

त्याआधीच, दवाखान्यातून आल्या आल्या मी कॉलवर दोघांना सगळं सांगितलं होतं. सांगायला पाचेक मिनिटं लागली. अमरावतीच्याचा कूलर थंडीमुळं बंद होता, त्यामुळं फार शांत वाटत होतं.

तो म्हणाला, "ठिपका जिवंत दिसेल असा मीच केला होता."

सावंतवाडी म्हणाली, "आणि त्या तक्रारी मी आणल्या होत्या."

"सहा तास मी म्हणाले," मी म्हणाले.

कुणी कुणाची समजूत घातली नाही, हे बरं झालं. त्याच कॉलवर मी ती ओळ काढली. शेवटची नोंद किती जुनी आहे ते परत मोठ्या अक्षरांत दिसायला लागलं, आणि दहा मिनिटांनी ठिपका करडा व्हायला लागला. सगळं मिळून पाऊण तासाचं काम. चढवलं आणि आम्ही पुढच्या कामाकडं वळलो. दुसरं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मांडववाला आठ दिवसांत आला. "ताई, परत ते जुनं चालू झालंय."

मी त्याला खरं कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला. "गिऱ्हाईकाला मी सांगीन."

संस्थेनं आमची निवड केली होती. पुण्याला दोन दिवसांचा पहिला मेळावा होता आणि त्यासाठी ते दोघं येणार होते. आदल्या दिवशी ते भोरला उतरले. स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेले. दीड वर्ष रोज बोलत होतो, पण समोर आल्यावर काय करायचं ते कळेना. अमरावतीचा माझ्यापेक्षा बुटका निघाला. सावंतवाडी चालताना एक पाय किंचित ओढायची, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही स्टँडसमोर उभ्या-उभ्या चहा घेतला. "तू कॉलवर उंच वाटतोस," मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, "खुर्ची उंच आहे." सावंतवाडी हसली. मलाही हसू यायला हवं होतं असं वाटलं.

त्यांना आबांना भेटायचं होतं. दुपारी वाडीवर नेलं. सावंतवाडीनं आणलेले काजू आबांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी मूठ मिटली. अमरावतीचा खाटेशेजारी जमिनीवर बसला. जाताना तो आबांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. आई म्हणाली, "लेकरा, ऊठ."

मेळाव्याच्या आधी मुलाखतीतल्या त्या बाईंचा फोन आला. वडिलांचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. "तुमच्या उत्पादनानं तुमच्या स्वतःच्या वडिलांचा जीव वाचवला," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा. याहून चांगली ओळख नाही." त्या मनापासून बोलत होत्या. मी "सांगते" म्हणाले.

आणि सांगितली. हॉलमध्ये साठ-सत्तर लोक असतील. मी झऱ्यापासून सुरुवात केली. मुलाखतीत मी दाखवला तो ठिपका साडेतीन तास जुना होता, हे सांगितलं. माझ्या 'हो'मुळं तीन माणसं चुकीच्या जागी कशी शोधत राहिली ते सांगितलं. आवाज हलला नाही. वाचून दाखवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले की आता आम्ही वेळ दाखवतो, आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. थोड्या वेळानं मागून एकानं विचारलं, हे इतर राज्यांत कसं नेणार? सावंतवाडीनं उत्तर दिलं. चांगलं दिलं. त्या बाई जेवताना माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली.

सहा महिने संस्थेबरोबर काढले. पुढं अमरावतीच्याला नोकरी लागली, त्यानं ती घेतली. सावंतवाडी अजून आठवड्यातून दोन दिवस काम करते. बाकी मीच बघते. मांडववाला आहे, दुधाचे काही टेम्पो आहेत, कोकणात थोडे लोक आहेत. मोठं काही झालं नाही, बंदही पडलं नाही.

हॉलभर अनोळखी लोकांना सांगितलं, पण घरी सांगितलं नव्हतं. ते मेळाव्याच्याच आठवड्यात सांगितलं. आई मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. अकरा वाजता मी दादाला धाडू नको म्हणाले तेही.

सूप थांबलं. "म्हंजे तुला म्हाईत व्हतं? त्यो ठिपका जुना असतोय म्हनून?"

"माहीत होतं. पण तेव्हा ध्यानात आलं नाही."

"म्या तर बाई दारात हुबी व्हते. माजं मन सांगत व्हतं, धाड कुनाला तरी. पर तू म्हनलीस हायती तितंच." तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "मनाचं ऐकाय पायजे व्हतं. मशिनीचं ऐकलं."

"आई, मशीन नाही. मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मायेनंही नाही. नुसतं बघितलं. मग म्हणाली, "आबांस्नी सांग. त्येंचं हाय त्ये."

आबांना तेव्हा एकच शब्द यायचा. व्हय. पाणी हवं का, व्हय. नको का, व्हय. उन्हात बसवू का, व्हय. मान कुठं हलते त्यावरून आम्ही अर्थ काढायचो. मी खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि सांगितलं. सोपं करून सांगितलं, कारण त्यांना किती कळतं ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. ते पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते. संपल्यावर म्हणाले, "व्हय."

मान हलली नाही. मी थांबले. त्यांनी परत म्हटलं, "व्हय, व्हय," आणि डाव्या हातानं चादर छातीवर ओढून घेतली. त्यांना थंडी वाजत होती का, का बोलणं पुरे म्हणायचं होतं, का दुसरंच काही, ते मला कळलं नाही. मी दुसरी चादर आणून घातली.

आता त्यांना तीस-चाळीस शब्द येतात. काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. गुरं दादा वर नेतो. मी हल्ली बहुतेक वाडीवरच असते, रेंजची गरज पडली तर भोरला जाते. सकाळी आबांच्या उजव्या हाताचे व्यायाम मी घेते. बोटं एकेक करून उघडायची, दहापर्यंत मोजायचं, मिटायची. मोजायचं काम त्यांच्याकडं आहे. सातावर अडकतात. मी सांगत नाही, वाट बघते. कधी आठ येतो, कधी परत एकपासून सुरू करतात.